जुन्या चित्रग्रंथांचा छंद



न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर अर्थकारण, समाजसुधारणा, शिक्षण असे भारदस्त विषय मांडण्याची प्रथा पडली आहे. त्या मानाने माझा आजचा विषय किरकोळ वाटेल. जुनी, वापरलेली, रद्दीच्या दुकानात किंवा पदपथावर मिळणारी चित्रांची पुस्तके ओळखावी कशी, घ्यावी कशी आणि जपावी कशी, एवढाच तो विषय आहे. कार्यक्रमपत्रिका वाचून आपल्यापैकी काहींनी मनात म्हटले असेल, 'हा नाद मुंबई-कलकत्त्याच्या श्रीमंतांचा. भाताच्या गिरण्या आणि विड्यांचे कारखाने यांवर वाढलेल्या गावात त्याचे काय काम?' हा आक्षेप मी टाळणार नाही. या छंदाची गरज मुंबईपेक्षा आपल्या गावाला अधिक आहे, असे माझे मत आहे आणि ते आपल्यापुढे मांडण्यासाठीच मी उभा आहे.

पुस्तकात दोन वस्तू असतात, मजकूर आणि चित्र. या दोघांचे नशीब सारखे नसते. मजकुराचे नशीब बलवत्तर. एखाद्या ग्रंथाच्या हजार प्रती वाळवीने खाल्ल्या आणि एकच उरली, तरी तिच्यावरून दुसरी प्रत उतरवून घेता येते. अक्षर वेगळे, कागद वेगळा, पण ग्रंथ तोच. चित्राचे असे होत नाही. चित्राचा रंग, त्याच्या छपाईचा पोत, कागदाचा तुकतुकीतपणा हेच त्याचे शरीर आणि तोच त्याचा आत्मा. नकलेची नक्कल करता करता चित्राचा चेहरा पुसत जातो. म्हणून जुन्या चित्रग्रंथाची प्रत्येक शिल्लक प्रत ही थोडीबहुत मूळ वस्तूच असते. ती गेली की तेवढे चित्र जगातून कमी झाले.

हे अलंकारिक बोलणे नाही. अजिंठ्याचीच कथा पाहा. रॉबर्ट गिल नावाचा एक लष्करी अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करण्याच्या कामाला लागला. त्या कामी त्याने आयुष्याची पुष्कळ वर्षे वेचली. त्याची मोठमोठी तैलचित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती आणि १८६६ सालच्या आगीत त्यांतली बहुतेक भस्मसात झाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तेच काम पुन्हा केले. या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजींसारखा पुढे नावारूपाला आलेला चित्रकार होता. त्या प्रती लंडनला गेल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला लागलेल्या आगीत त्यांतल्याही पुष्कळ जळाल्या. एकाच चित्रमालेच्या प्रती दोनदा अग्नीच्या मुखी पडल्या. इकडे खुद्द लेण्यांतल्या मूळ चित्रांचे पोपडे पडतच होते. मग १८९६-९७ साली ग्रिफिथ्स यांचा अजिंठ्यावरचा दोन खंडांचा भलाथोरला चित्रग्रंथ लंडनहून निघाला. आज अजिंठ्याचा अभ्यास करणाऱ्याला एकोणिसाव्या शतकात ती चित्रे कशी दिसत होती हे पाहायचे असेल, तर या ग्रंथापाशी यावेच लागते. त्यानंतर लेडी हेरिंगहॅम यांचा १९१५ सालचा ग्रंथ आला. त्याच्या प्रती करायला नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार आले होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे अजिंठ्यावरचे पुस्तक १९३२ साली निघाले आणि गुलाम याजदानी यांचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात आले. हे चार ग्रंथ शेजारी ठेवून एकच चित्र चारही ठिकाणी पाहावे. भिंतीवरचा रंग कसकसा उतरत गेला आणि छपाईची कला कशी बदलत गेली, या दोन्ही गोष्टींचा इतिहास एका टेबलावर उलगडतो. चित्रग्रंथांचा संग्रह म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही.

आता कोणी म्हणेल, हे राजेरजवाड्यांचे ग्रंथ आम्हांला कोठून मिळणार? खरे आहे. पण चित्रे काही फक्त जाडजूड ग्रंथांतच नसतात. आपल्या मराठी घरांत चित्र आले ते पोथीच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याच्या शिळाप्रेसांनी शिवलीलामृत, पांडवप्रताप अशा पोथ्या चित्रांसह छापल्या. दगडावर उलटे चित्र काढायचे आणि त्याचा ठसा कागदावर उठवायचा, अशी ती रीत. त्या चित्रांतले राक्षस पाहून लहान मुले भिण्याऐवजी हसतील. पण त्यांतली रेषा आपल्याच कारागिराच्या हातची आहे. पुढे १८७८ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा काढली आणि रंगीत शिळाछापाची चित्रे घरोघर लागली. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि त्याने लक्ष्मी-सरस्वतींना भिंतीवर आणून बसवले. हा छापखाना पुढे मळवलीला गेला आणि १९७२ साली आगीत सापडला. आता रविवर्म्याची छापील चित्रे शोधायची ती लोकांच्या देवघरांत, माळ्यावर आणि जुन्या बाजारात.

यानंतरचे मोठे नाव रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे. १८६७ साली जन्मलेल्या या चित्रकाराने पुस्तकांसाठी किती चित्रे काढली याची मोजदाद करणे कठीण आहे. एडवर्ड्स यांचे मुंबईवरचे १९१२ सालचे 'बायवेज ऑफ बॉम्बे', किंकेड यांनी आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या ते १९१४ सालचे 'डेक्कन नर्सरी टेल्स', रॉथफील्ड यांचे भारतीय स्त्रियांवरचे पुस्तक, ही सारी धुरंधरांच्या चित्रांनी सजलेली आहेत. यांतली कहाण्यांची गोष्ट मोठी गमतीची आहे. आपली आजी श्रावणात जी कहाणी सांगते ती इंग्रजीत गेली, विलायतेतल्या मुलांसाठी छापली गेली. पण तिच्यातल्या बाईचे लुगडे, अंबाडा आणि पाट-चौरंग कसे असावेत हे ठरवले एका मराठी माणसाने. आज त्या पुस्तकाचा मजकूर फारसे कोणी वाचत नाही. लोक ते जपतात ते चित्रांसाठी. धुरंधरांचे आत्मचरित्र 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे १९४० साली निघाले. त्याची जुनी प्रत हाती लागली तर घेतल्याशिवाय घरी परतू नये.

आणि मग आपले दिवाळी अंक! 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली निघाला. त्यानंतरच्या काळात सामान्य मराठी माणसाचे चित्रसंग्रहालय म्हणजे दिवाळी अंक असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केली. रघुवीर मुळगावकरांच्या देवदेवता आणि नायिका घराघरांत पोचल्या. वसंत सरवट्यांच्या रेषेने पु. ल. देशपांड्यांच्या विनोदाला चेहरा दिला. द. ग. गोडसे हे तर नागपूरला शिकलेले. चित्रकार, नेपथ्यकार आणि 'पोत'सारख्या पुस्तकाचे लेखक. हे सारे कलावंत आपल्या दाराशी पोस्टाने येत होते. आपण त्यांचे काय केले? फाल्गुन उजाडला की अंक रद्दीत घातला.

श्रोतेहो, माझा खरा मुद्दा येथून सुरू होतो. आपल्या जिल्ह्याचा विचार करा. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण आपले गाव मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे ते त्याच्या कितीतरी आधीपासून. मुंबईचे छापील कागद एका बाजूने आणि कलकत्त्याचे दुसऱ्या बाजूने यावेत, अशी ही जागा. तिसरी वाट उत्तरेची. बालाघाट, नैनपूर, जबलपूर अशी ती लहान गाडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. आता तेथे मोठी गाडी धावते. त्या वाटेवर नैनपुराहून मंडल्याकडे वळले की पुढे पाटणगढचा मुलूख लागतो. तेथे व्हेरिअर एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे यांनी वर्षानुवर्षे मुक्काम केला. हिवाळ्यांचे परधान जमातीवरचे पुस्तक १९४६ साली आले आणि एल्विन यांचे 'द ट्रायबल आर्ट ऑफ मिडल इंडिया' १९५१ साली. भिंतीवरची चित्रे, लाकडी कोरीवकाम, मुखवटे, फण्या, दागिने अशा गोष्टींना कला म्हणून ग्रंथात मानाचे पान मिळाले. पुढे त्याच पाटणगढच्या परधान घराण्यात जनगढसिंह श्याम हा चित्रकार निपजला. भोपाळच्या भारत भवनातून त्याचे नाव जगभर गेले आणि २००१ साली जपानात त्याचा करुण अंत झाला. त्याच्या मागून आलेल्या भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उर्वेती यांच्या चित्रांचे 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हे पुस्तक २००६ साली चेन्नईहून निघाले. हाताने बनवलेल्या काळ्या कागदावर, जाळीतून एकेक रंग हाताने छापलेले हे पुस्तक; प्रत्येक प्रतीवर तिचा क्रमांक. २००८ साली इटलीतल्या बोलोन्याच्या बालग्रंथ मेळ्यात त्याचा गौरव झाला. २०११ साली दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी 'भीमायन' या पुस्तकात डॉ. आंबेडकरांचे चरित्र याच शैलीत चितारले. १९५४ सालच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब ज्या भंडारा मतदारसंघातून उभे राहिले त्या मुलखातल्या माणसाला हे पुस्तक परके कसे वाटेल?

सालेकसा, देवरी या बाजूचे गोंड बांधव कचारगढच्या यात्रेला जातात, तेथे लाखोंचा मेळा भरतो. त्यांच्या भाईबंदांच्या कलेवरचे ग्रंथ लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या कपाटांत आहेत. गोंदियाच्या किती घरांत आहेत? माझा हा प्रश्न टीकेचा नाही. ही उणीव थोड्या पैशांत आणि पुष्कळ चिकाटीने भरून काढता येते, एवढेच मला सुचवायचे आहे.

शिवाय काही चित्रे अशी आहेत की जी आपल्याशिवाय दुसरे कोणी जपणारच नाही. विडीच्या बंडलावरचे लेबल हे त्यांतले एक. ज्या गिऱ्हाइकाला अक्षरओळख नव्हती ते चित्रावरूनच आपला छाप मागून घेत असे. म्हणून वाघ, मोर, घड्याळ, मुलाचा चेहरा अशी ठसठशीत चित्रे त्यावर छापली जात. झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिराती हे दुसरे. मंडईच्या दिवसांत गावोगाव लागणारा हा कागद आठवड्याने गळून पडतो. पुस्तके जमवणाऱ्याने एक जाड वही करून असे कागद तारखेसह लावून ठेवावेत. पन्नास वर्षांनी ती वहीच एक दुर्मीळ चित्रग्रंथ होईल.

ग्रंथालयांच्या बाबतीतही थोडे स्पष्ट बोलतो. आपल्याकडे १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना आधार मिळाला. ही फार मोठी गोष्ट झाली. पण वाचनालयातले पुस्तक बांधणीला जाते तेव्हा काय होते? बांधणारा कारागीर दलालांचे मुखपृष्ठ काढून टाकतो, जाड पुठ्ठा चढवतो, वर कापडाची पट्टी मारतो आणि पाठीवर क्रमांक टाकतो. मजकूर वाचला, चित्र गेले. यात त्या कारागिराचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलेच नसते. मुखपृष्ठ आतल्या कोऱ्या पानापुढे बांधून घ्यायला खर्च वाढत नाही. आज येथे बसलेल्या वाचनालयांच्या कार्यकर्त्यांनी एवढी एक सूचना आपल्या बांधणीवाल्याला दिली, तरी माझे येणे सार्थकी लागेल.

तरुण मंडळी विचारतील की आता सारी पुस्तके संगणकावर पाहायला मिळतात, मग हा कागदाचा भार कशाला? त्या सोयीचा मीही लाभ घेतो. परंतु सरकारी डिजिटल ग्रंथालयाच्या योजनेत पूर्वी जी हजारो पुस्तके उतरवली गेली, त्यांतली पुष्कळशी निव्वळ काळ्या-पांढऱ्यात उतरवलेली आहेत. अक्षरे वाचता येतात. चित्राच्या जागी मात्र शाईचा डाग दिसतो. घडीची पाने उलगडलेलीच नसतात. मजकुराचे आणि चित्राचे नशीब वेगळे, असे मी आरंभी म्हटले ते येथे पुन्हा प्रत्ययाला येते.

असो. आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

पुस्तके शोधायची कोठे? मुंबईत फाउंटनच्या पदपथावर, कलकत्त्यात कॉलेज स्ट्रीटला, दिल्लीत दर्यागंजच्या रविवारच्या बाजारात. हा बाजार २०१९ साली पदपथावरून उठून महिला हाटच्या आवारात गेला. पण इतक्या लांब जाण्याआधी आपला रद्दीवाला गाठावा. त्याच्याशी स्नेह ठेवावा आणि चित्रे असलेले काहीही तागडीत घालण्याआधी आपल्याला दाखवावे, असे त्याला सांगून ठेवावे. किलोच्या भावापेक्षा चार पैसे अधिक मिळाले की तोच आपला पारखी होतो. निवृत्त चित्रकला-शिक्षक, जुने वकील, रेल्वेतून निवृत्त झालेली बंगाली कुटुंबे यांच्या घरांतून आवराआवर होते तेव्हा पुस्तके बाहेर पडतात. तेथे आधी विचारपूस करावी, सौदा मागाहून.

पुस्तक हाती आले की पहिल्याने चित्रसूची उघडावी आणि एकेक चित्र मोजून पाहावे. जुन्या ग्रंथांत रंगीत चित्रे वेगळ्या कागदावर छापून एका कडेने चिकटवलेली असत, वर झिरझिरीत कागदाचे आवरण असे. अशी चित्रे सहज निघतात आणि सहज चोरीलाही जातात. एक चित्र कमी असले की किंमत निम्म्याहून खाली येते; मात्र अभ्यासासाठी घ्यायचे असेल तर अशीच प्रत स्वस्तात घ्यावी. दुसरे, खिशात एक भिंग ठेवावे. भिंगाखाली ठिपक्यांची रेखीव जाळी दिसली तर चित्र हाफटोन ठशाचे किंवा ऑफसेटचे समजावे. खडूने रवाळ काढल्यासारखे दाणे दिसले तर बहुधा शिळाछाप. कागदावर चित्राभोवती दाबाची चौकट उमटली असेल तर तांब्याच्या पत्र्याचा संशय घ्यावा. नव्याने छापलेले रविवर्म्याचे चित्र जुने म्हणून गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत; भिंग त्यांचा डाव उघडा पाडते. तिसरे, ज्यावर ग्रंथालयाचा शिक्का आहे आणि पुस्तक रद्द केल्याची खूण नाही, ते पुस्तक कितीही मोहक असले तरी घेऊ नये. आणि चौथे, चौकटीत लावण्यासाठी ग्रंथ फाडून चित्रे विकणाऱ्याकडून एकही चित्र घेऊ नये. दहा चित्रांची दहा गिऱ्हाइके मिळतात म्हणून ग्रंथाची कत्तल होते. आपण गिऱ्हाईक झालो नाही तर सुरी आपोआप म्यान होईल.

जपणुकीचे शास्त्र आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. पोथी तांबड्या कापडात घट्ट बांधायची, आत वेखंड ठेवायचे आणि पावसाळा संपला की उघडून वारा द्यायचा. आपल्या मुलखात पाऊस दांडगा आणि वाळवी त्याहून दांडगी. म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे, लाकडीपेक्षा लोखंडी बरे. महिन्यातून एकदा प्रत्येक पुस्तक हातात घ्यावे. कसरीला माणसाचा हात सोसत नाही. पुस्तक कडक उन्हात टाकू नये, रंग उडतात. तुकतुकीत कागदाचे पुस्तक भिजले तर मिटून वाळवू नये, पाने एकमेकांना कायमची चिकटतात. ओले असतानाच पानापानांत कोरा कागद घालून सावलीत वाळवावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे म्हणजे जखमेवर चुना लावणे. थोड्याच वर्षांत तिचा डिंक पिवळा पडतो आणि चित्र घेऊनच निघतो. मैद्याची पातळ खळ आणि पातळ कागद यांनी काम भागते.

शेवटी एक विनंती. संग्रह ही वस्तू मोठी विचित्र आहे. जमवायला चाळीस वर्षे लागतात आणि मोडायला एक दुपार पुरते. जमवणारा डोळे मिटतो, मुले नोकरीनिमित्त परगावी असतात, घर रिकामे करायचे असते आणि तागडीवाला दारात उभा असतो. म्हणून ज्याने पहिले पुस्तक घेतले त्याने त्याच दिवशी पहिली वहीही घालावी. पुस्तकाचे नाव, साल, चित्रे किती, कोणाकडून किती रुपयांना घेतले, आणि आपल्यामागे ते कोणाकडे जावे, हे तीत लिहावे. गावातल्या वाचनालयाने एक कुलपाचे कपाट अशा पुस्तकांसाठी राखून ठेवावे आणि वर्षातून एकदा, याच व्याख्यानमालेच्या दिवसांत, ती पुस्तके टेबलावर उघडी मांडून शाळेच्या मुलांना दाखवावी. देवरीच्या आश्रमशाळेतल्या मुलीने एल्विनच्या ग्रंथात आपल्या आजीच्या घरच्या भिंतीसारखी भिंत पाहिली आणि 'हे तर आमच्याकडेही आहे' असे म्हटले, तर त्या ग्रंथाची किंमत वसूल झाली असे मी समजेन.

 घरी गेल्यावर माळ्यावरचे गाठोडे एकदा खाली घ्या आणि रद्दीवाल्याला बोलावण्याआधी ते उघडून पाहा, एवढेच सांगतो.